नवाचा ताळा

"अप्पा, ह्याला भाग जातोय," शिवांजली म्हणाली. "आठ हजार दोनशे सदतीसनं. बाकी शून्य."

मन्मथप्पांना आधी वाटलं, नात थट्टा करतेय. मग त्यांनी तिच्या मोबाइलमध्ये डोकावून पाहिलं आणि मटकन खालीच बसले.

अंबाजोगाईत भांड्यांवर नावं घालण्यात या माणसाची चाळीस वर्षं गेली. एकदा कोरलेलं खोडता येत नाही, त्यामुळे चुकायची सवयच नाही. सातवीत शाळा सुटली तेव्हा गुरुजींनी पाटीवर मनाला येतील ते नऊ अंक लिहिले होते, ४९,४५,२४,७६९. म्हणाले, "ही मूळ संख्या आहे का, सवडीनं शोध." सवड मिळाली साठीनंतर. रोज सकाळी लिंगपूजा झाली की एका मूळ संख्येनं भागायचं, अंकांच्या बेरजा करून नवाचा ताळा घ्यायचा आणि जुळला की वही मिटायची. मोबाइलला विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडानं जेवणं, असं त्यांचं मत. सात वर्षं, अडीच हजार भागाकार. वर्गमुळापर्यंतचा शेवटचा आज झाला. कशानंच भाग गेला नव्हता, म्हणून आत पुरण शिजत होतं. आणि नातीनं आपलं कौतुकानं एकदा मोबाइलवर करून बघितलं.

अप्पांनी जुनी वही काढली. ८२३७ चं पान सापडलं. अक्षर दानम्मांचं होतं. तेव्हा अप्पा टायफॉइडनं अंथरुणाला खिळले होते. खाडा पडू नये म्हणून चौथी शिकलेल्या बायकोनं तेवढा एक भागाकार केला होता. मधल्या वजाबाकीत ५७६५ च्या जागी ५७५६ पडलं होतं, आणि बाकी आली होती ८१४७. अप्पांनी पडल्या पडल्या ताळा घेतला, तो जुळला. जुळणारच. शेजारचे दोन अंक उलटे पडले की फरक नवाच्या पटीत येतो, आणि नवाचा ताळा नेमका त्यालाच आंधळा. त्या पानानंतरच्या चौदाशे सकाळी पाण्यात गेल्या होत्या.

"इतकी वर्सं..." अप्पा पुटपुटले.

दानम्मा पदराला हात पुसत बाहेर आल्या. "काहून बसलाव असे?"

"आकड्याला भाग जातो म्हनं. कुटंतरी चुकलं."

दानम्मांची नजर उघड्या पानावर गेली. "माजं तर न्हाई ना? लई जपून केलतं मी."

शिवांजलीनं तोंड उघडलं. अप्पांनी तिचा हात दाबला.

"तुजं बरोबर हाय," ते म्हणाले. "चुकलं ते माज्याच हातनं, म्होरं."

"मग पुरनाचं काय करू?"

"शिजलंय तर लाट की पोळ्या."

दानम्मा निवांत मनानं आत गेल्या. आकड्यांच्या बाबतीत अप्पा जन्मात पहिल्यांदाच खोटं बोलले होते. शिवांजलीचा हात त्यांनी अजून सोडला नव्हता.