चंदाबाईच्या जाळ्याचा गळा

चंदाबाईच्या जाळ्याला अकरा वर्षं गळा नव्हता. आता तुम्ही म्हणाल, जाळ्याला कसला आलाय गळा? तर ऐका. आरमोरीकडच्या त्यांच्या गावचा तलाव श्रावणात भरला की पाणी सांडव्यावरून ओसंडतं. तिथं लावायचं हे पिशवीसारखं जाळं. तोंड रुंद, पोट लांब, अन् तोंडाच्या आत दोऱ्यांचा निमुळता गळा. मासोळी त्या गळ्यातून आत शिरते, पण परत फिरायचा रस्ता तिला सापडत नाही. गळाच नसला तर ती आली तशी ऐटीत निघून जाणार.

हे कसब चंदाबाईची सासू अंजनाबाई वैनगंगेकाठच्या माहेरातून घेऊन आली होती. गावात बाकी कुणाला ते येत नव्हतं. सगळे बाजारातलं तयार जाळं आणत. गळा बांधायला दोघी लागत. एक गाठी मारणारी, दुसरी समोर बसून दोरे ओढून धरणारी. वीस वर्षं चंदाबाईनं समोर बसून ओढ धरली. गाठी मात्र सासूनं कधी हाती दिल्या नाहीत. "पुढच्या साली शिकवीन व, घाई काय हाये," म्हणायची. पुढच्या साली म्हातारीच गेली, आणि अर्धं जाळं खुंटीवर लटकत राहिलं.

चंदाबाईला सासूचा राग यायचा, आणि त्या रागाच्या पोटात तिची आठवणही यायची. आता तर तिची स्वतःची बोटं सकाळी वळेनाशी झाली होती. यंदा गळा बांधला नाही, तर पुढं दोरा धरायलाही बोटं राहणार नाहीत, हे तिला पक्कं कळत होतं. तिच्यासोबत ते जाळंही संपणार होतं.

मच्छीमार सोसायटीची सचिव रंजीता, चाळिशीची, तिला काकी म्हणायची. तिनं आधी त्या जाळ्याचा व्हिडिओ मोबाइलवरच्या एका मोठ्या ॲपवर टाकला होता. कुणीतरी तो उचलला, त्याला थिल्लर गाणं लावलं, आणि चंदाबाई दोऱ्यात बोटं अडकवून पुटपुटते आहे ते पाहून जग हसलं. अकरा लाख लोकांनी पाहिलं, आणि एकानंही गळ्याचं विचारलं नाही. चंदाबाई आठ दिवस घराबाहेर पडली नाही.

म्हणून रंजीतानं पुन्हा मोबाइल पुढं केला तेव्हा चंदाबाई फणकारली. "मले नाई पायजे तुया तो तमाशा!"

"अवो काकी, हे दुसरं हाये. हे आपल्या तलावासारखं हाये."

रंजीतानं सोसायटीच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर गावापुरती एक जागा मांडली होती. आसपासच्या सात गावांतली दीडशे माणसं तिथं बोलायची. नियम त्यांचेच, जाहिरात नाही. ज्यानं आधी लिहिलं त्याचं आधी दिसायचं. दुसऱ्या गावांच्या, दुसऱ्या देशांच्याही अशाच आपापल्या जागा होत्या.

"अन् वरच्या तलावाचं पाणी सांडव्यातून खालच्या तलावात येते ना, तसं एकाचं बोलणं दुसऱ्याकडं जाते. पण सगळ्याईवर हुकूम चालवणारा एक मालगुजार कोणी नाई," रंजीता म्हणाली.

मालगुजार नाही म्हटल्यावर चंदाबाईनं जरा कान दिला. माघातल्या एका सकाळी तिनं गळ्याविना जाळं अंगणात पसरलं, फोटो काढू दिला, आणि एवढंच लिहायला सांगितलं: "याचा गळा बांधता येते का कोणाले?"

नऊ दिवसांनी उत्तर आलं. फिनलंड नावाच्या देशातून, तिथल्या मासेमारांच्या जागेवरून. लिहिणारी हेल्वी, वय एकाहत्तर. सोबत फोटो होता. पांढरंशुभ्र तळं, त्यावर चालत आलेली एक बाई, आणि तिच्या हातात, बाप्पा रे, गळा असलेलं जाळं! रंजीता मशीनकडून भाषा फिरवून वाचायची. हेल्वीनं लिहिलं होतं, "आमचं जाळं थोडं वेगळं आहे. पण गळा तोच असावा. मला बांधता येतो."

"हे पाण्यावर चालून राह्यली काय?" चंदाबाईनं विचारलं.

"बर्फ हाये तो काकी. खाली पाणी, खाली मासोळ्या."

त्या दिवसापासून चंदाबाईच्या डोळ्यांसमोर ते पांढरं तळं तरळू लागलं. भात सडताना, शेण सारवताना, दुपारी कलंडली की हमखास. चैत्र सरला, ऊन भाजायला लागलं, तलावाच्या पोटाला भेगा पडल्या. ती त्या भेगांवरून चालली की पायाखाली कुठंतरी खोल, गार, हिरवं पाणी हलतंय असं तिला वाटायचं. त्या पाण्यात मासोळ्या झोपल्या आहेत, आणि वरून दोन बाया अनवाणी चालल्या आहेत. एक ती, एक हेल्वी. दोघींत भाषा नव्हती, आणि स्वप्नात ती लागतही नव्हती.

हेल्वी व्हिडिओ पाठवायची. बोटं, दोरा, गाठ. चंदाबाई बघून बघून बांधायची आणि दर वेळी गळा पिळवटून एका अंगाला लोळायचा. सतरा वेळा बांधला, सतरा वेळा सोडला. अठराव्या वेळी तिनं जाळं भिरकावून दिलं.

"माया नशिबातच नाई व! म्हातारी सोबत घेऊन गेली," ती म्हणाली आणि पदरात तोंड घालून रडली.

मग डोळे पुसता पुसता तिचं लक्ष मोबाइलकडं गेलं. व्हिडिओत हेल्वीच्या समोर एक खुर्ची होती. दोऱ्यांची दुसरी टोकं त्या खुर्चीला बांधली होती.

"रंजीता, विचार तिले. समोर कोणी काऊन नाई बसत?"

उत्तर संध्याकाळी आलं. "माझी बहीण बसायची. पाच वर्षांपूर्वी गेली. खुर्ची तिचीच आहे. खुर्चीला ढिलं सोडता येत नाही, म्हणून माझेही गळे आता वाकडेच होतात. मी तुला सांगितलं नव्हतं, मला लाज वाटली."

चंदाबाई उठून बसली. ओढ! ओढ तर तिला येत होती. वीस वर्षं दुसरं काय केलं होतं? कोणत्या गाठीला ताणायचं, कोणत्या गाठीला श्वासभर ढिलं सोडायचं, हे तिच्या मनगटात मुरलेलं होतं. इतके दिवस ती गाठी मारणाऱ्याच्या जागी बसून चाचपडत होती.

"तिले म्हणा, खुर्ची हटव. मोबाइल ठेव तिथी. मी बसतो समोर."

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या खोलीत मोबाइल विटेला टेकवून ठेवला. पलीकडं हेल्वी, पिकले केस, निळे डोळे, गुडघ्यावर जाळं. खुर्ची हटवून तिनं दोऱ्यांची टोकं भिंतीतल्या कडीतून ओवून पायाच्या अंगठ्याला गुंडाळली होती, म्हणजे ताणणं आणि सोडणं पायानं जमावं. चंदाबाईनं आपली टोकं खांबावरून घेऊन तसंच केलं. दोघी एकमेकींकडं पाहून लाजल्या. मग चंदाबाई म्हणाली, "ओढ." आणि मनगटानं दाखवलं. हेल्वीनं पाय ताणला, गाठ मारली. "सोड." पाय सैल. "ओढ." "सोड."

तिसऱ्या गाठीपासून रंजीताला भाषा फिरवायची गरज उरली नाही. हेल्वीची बोटं पाहून चंदाबाईची चालत होती, चंदाबाईच्या हाकेवर हेल्वीचा पाय चालत होता. बाहेर ऊन नुसतं धगधगत होतं, आणि खोलीत मात्र कुठून तरी गारवा आल्यासारखं झालं. मध्येच हेल्वी थांबली, नाक पुसलं, काहीतरी बोलली.

"म्हणते, 'ओढ' म्हणणारं कोणी पाच वर्षांत नव्हतं," रंजीता हळूच म्हणाली.

"रडू नको म्हणा, दोरा भिजते," चंदाबाई म्हणाली आणि स्वतःच रडायला लागली.

चार सकाळी लागल्या. चौथ्या दिवशी शेवटची गाठ बसली. चंदाबाईनं मूठ आत घातली. ती गळ्यातून सुळकन गेली, आणि परत ओढताना दोरे चहूबाजूंनी मनगटाला बिलगले. सरळ गळा, कुठं पीळ नाही. अंजनाबाईचं जाळं पुरं झालं होतं. तिकडं हेल्वीचाही गळा सरळ झाला होता. दोघींनी आपापलं जाळं उंच धरून एकमेकींना दाखवलं.

चंदाबाईनं जाळं मांडीवर घेतलं. अकरा वर्षं जे हवं होतं ते मांडीवर होतं, आणि उद्या सकाळी इथं येऊन बसायला काही कारणच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती तरीही आली. उगाच, अंगण झाडायचं सोडून. रंजीतानं मोबाइल लावला. हेल्वी आधीच बसली होती, आणि तिच्या मांडीवर जाळ्याचे दोरे मोकळे लोंबत होते. कालचा तो सरळ, देखणा गळा तिनं सगळाच्या सगळा उसवून टाकला होता.

"अवो येडी बाई! हे काय करून बसली?" चंदाबाई ओरडली.

हेल्वी हसत काहीतरी बोलली. रंजीता सांगू लागली, पण चंदाबाईनं तिला हातानं थांबवलं. तिनं पदर खोचला, मोबाइलसमोर फतकल मारली आणि म्हणाली, "ओढ."