सत्तावीस दुकानं आणि एक जास्तीचं शून्य

"उगं जागा अडवून बसलाय हा डबा," माझ्यावरची धूळ फडक्यानं झटकत भक्ती पुटपुटली.

मला कान नाहीत, पण ऐकू सगळं येतं, मित्रांनो. मी एक जुना फॅक्स आहे. पालमच्या बाजारपेठेत माणिकरावांचं बी-बियाणं आणि औषधांचं दुकान आहे, तिथल्या कोपऱ्यातलं टेबल माझं. भक्ती ही त्यांची नात.

खिशाखिशात मोबाइल नव्हते तेव्हाची गोष्ट. परभणीहून मी एसटीनं आलो, तोही माणिकरावांच्या बायकोच्या, नर्मदाबाईंच्या मांडीवर बसून. माझं मोठं काम एकच. कागद एकदाच आत घ्यायचा आणि यादीतल्या सगळ्या नंबरांना धाडायचा. याला ब्रॉडकास्ट म्हणतात, हे माणिकराव गिऱ्हाइकांना अशा ऐटीत सांगत की जणू रेडिओ केंद्रच चालवायलेत. माझ्या यादीत सत्तावीस दुकानं होती, बोरीपासून सोनपेठपर्यंत. एखादा नंबर लागला नाही, तर पाच मिनिटांनी मीच पुन्हा लावायचो. शेवटी कोणाला पोचलं, कोणाला नाही, याची चिठ्ठी छापून द्यायचो. तिला रिपोर्ट म्हणत.

एका बाजाराच्या दिवशी, दुकानं उघडायच्या आत, माणिकरावांनी घाईत कागद लिहिला. कपाशीवरचं औषध, फवारणीच्या पंपाला १०० मिली. मी सत्तावीस ठिकाणी धाडला. तासाभरात बोरीचा दुकानदार भागवत फोनवर होता. "काका, शंभर का दहा? शंभरानं कपाशी जळंल की."

दहाच होतं. माणिकरावांनी माझं झाकण उघडून पाहिलं. मग म्हणाले, मशीनच्या काचेवर टिपका बसलाय, त्यानंच शून्य वाढवलं. नर्मदाबाईंनी मूळ कागद पाहिला, घडी घातली आणि गुमान माझ्याखाली सरकवला.

अकराला बाजार भरणार होता. दुरुस्तीचा कागद लावला, पण चार दुकानांनंतर मी अडलो. आपल्याकडची रीतच तशी. कागद मिळाला की उलटा फोन करून 'मिळाला बरं का' म्हणायचं, घरची खुशाली विचारायची. फोनची आणि माझी लाइन एकच. माणिकराव खुशाली सांगत होते आणि मी मुका उभा.

कागदाच्या वर एक पहिलं पान जातं, कव्हर पेज. त्यावर आजवर 'श्री' आणि दुकानाचं नाव असायचं. नर्मदाबाईंनी नवं पान घेतलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पंपाला दहाच मिली. दारावर चिकटवा. उलटा फोन करू नका.'

माणिकराव कुरकुरले, लोकांना राग येईल.

"येऊ द्या," त्या म्हणाल्या. "कपाशी तर वाचंल."

आणि मग मी सुटलो! नंबरामागून नंबर, पान गिळत, शिट्टी वाजवत. सोनपेठचा नंबर तीनदा लागला नाही. चौथ्या वेळी, अकराला दहा कमी असताना, पलीकडच्या मशीननं मला ओ दिली. रिपोर्ट निघाला. सत्तावीस ओळी, सत्तावीस ओके. त्या साली एकाही शिवारात कपाशी करपली नाही. नर्मदाबाईंनी मला हळदीकुंकू लावलं. त्याचा डाग अजून माझ्या कपाळावर आहे.

बाजारात मात्र वीस वर्षं एकच गोष्ट चालली, मशीननं शून्य वाढवलं. घरात कोणी ती खोडली नाही.

मित्रांनो, मी स्वतःचं काही लिहीत नाही. जे द्याल ते पोचवतो, आणि चूकही तितक्याच इमानानं सत्तावीस ठिकाणी नेतो. तुमच्या हातातला मोबाइल माझ्याच जातीचा आहे. धाडण्याआधी एकवार वाचत जा. आणि काही चुकलंच, तर मुक्या यंत्रावर ढकलू नका.

आज दारात भंगारवाला उभा होता. भक्तीनं मला उचललं आणि खालून घडी घातलेला कागद पडला. तिनं उघडून वाचला. पंपाला १०० मिली. कागद पिवळा पडला होता, पण अक्षर आजोबांचं, तिच्या ओळखीचं होतं. तिनं आजीकडं पाहिलं. 

माणिकरावांनी चष्मा लावला. कागद हातात घेऊन वाचला. मग माझ्या पाठीवर हात ठेवला.

"ह्याची चूक न्हवती, पोरी. शून्य मीच लिहिलं होतं."