कोण कायो?

"अजून एकदा," दिग्दर्शक ओनुकींनी कर्ण्यातून सांगितलं. "आणि पोरीला पाण्यातच राहू दे. बाहेर आली की किमोनो ठिबकत बसतो."

फेब्रुवारी होता. होझु नदीच्या काठाला बर्फाची कड धरली होती. कंबरभर पाण्यात उभी होती ती कायो, मित्सुएबाईंच्या बदली उभी राहणारी मुलगी. दिवे लावून होईपर्यंत तिने भिजायचं. सगळं जमलं की बाई शेगडीपासून उठणार, क्षणभर पाण्यात उतरणार आणि देशभर लोक रडणार, असा बेत होता.

मी बाईंच्या केसांच्या टोपाच्या बटा सारख्या करत होते. युद्धाआधीपासून माझं तेच काम. शिगा मित्सुए म्हणजे तेव्हा काय होतं! क्योतोतल्या न्हाव्यांच्या दुकानांतसुद्धा त्यांचा फोटो असायचा.

"पोरीचे ओठ निळे पडलेत," बाई म्हणाल्या.

"आपला सिनेमा काळा-पांढरा आहे, बाई. निळं कुणाला दिसतंय?"

काठावरची मंडळी हसली. दिग्दर्शक हसले की हसायचंच, अशी तिथली रीत.

बाई उठल्या. मला वाटलं, शाल मागतील. त्या चालत नदीत शिरल्या, भरजरी किमोनोसकट, मी पहाटेपासून बसवलेल्या टोपासकट. कायोचा दंड धरला.

"चल."

"पण बाई, ते अजून एकदा म्हणतायत..."

"म्हणू देत. तू चल."

आणि तिला घेऊन त्या पलीकडच्या काठाकडे निघाल्या. ओनुकींना काय वाटलं असेल? ते ओरडले, "कॅमेरा चालू करा, सुरेख दिसतंय." माणूस असा होता. पलीकडे चढल्यावर बाई वळल्या.

"मिळालं का हवं ते? जपून ठेवा. आता माझं तोंड तुम्हाला पुन्हा मिळायचं नाही."

कोरडे कपडे घेऊन मी पुलावरून धावत पोहोचले, तेव्हा एका लाकूडतोड्याच्या घरात बाई कायोचे पाय आपल्या पोटाशी धरून बसल्या होत्या. शिव्या देत होत्या. त्या तोंडातून मी असे शब्द कधी ऐकले नव्हते.

कायोला न्यूमोनिया झाला. वाचली, पण जिना चढताना धापा टाकू लागली आणि तांगोला आईबापांकडे परत गेली. वर्तमानपत्रांनी लिहिलं, शिगा मित्सुए माजली. कंपनीने त्यांना काढलं. एकीने काढलेला नट दुसरीने घ्यायचा नाही, हे कंपन्यांचं आपसात ठरलेलंच होतं. काल ज्यांनी बाईंच्या घरी जेवणं झोडली, ते आज रस्ता ओलांडून जाऊ लागले.

चार वर्षांनी कंपनीचं बोलावणं आलं. ओनुकींचा मोठा सत्कार व्हायचा होता. व्यवस्थापक हिराओका गोड हसत म्हणाले, "झालं गेलं विसरू या. बाईंनी समारंभाआधी ओनुकींपुढे हात टेकून एकदा वाकावं. पुढच्या महिन्यात नवा सिनेमा. आईची भूमिका आहे, पण भूमिका मोठी आहे."

ओनुकी समोर चटईवर बसून चहा पीत होते. बाईंकडे बघतसुद्धा नव्हते.

बाईंनी घर विकलं होतं, अंगावरचा किमोनो शेजारणीचा होता. मनात म्हटलं, वाका बाई, एकदाच.

"वाकते," बाई म्हणाल्या. "आधी कायोला बोलवा. हे तिच्यापुढे वाकू देत, मग मी यांच्यापुढे वाकते."

हिराओकांनी ओनुकींकडे पाहिलं. ओनुकींनी कप खाली ठेवला आणि खरोखरच आठवत नसल्यासारखं विचारलं, "कोण कायो?"

ढोंग असतं तर बरं होतं. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

बाईंनी आपल्यापुढचा चहाचा कप उचलला तेव्हा वाटलं, तोंडावर फेकतात. त्यांनी तो सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

"चहाबद्दल आभारी आहे. बाकी तुमच्या दारात परत येण्यासारखं काही नाही."

रस्त्यावर आल्यावर मी म्हटलं, "आता खायचं काय?"

"तू जा दुसरीकडे. तुला कुणी अडवलंय?"

"टोपाला डोकं कुठून आणू दुसरं?"

माझी पिशवी त्यांनी आपल्या हातात घेतली.

मग क्यूशूची एक फिरती नाटकमंडळी. कोळशाच्या खाणींची गावं, पत्र्याची सभागृहं. तिथे सगळ्यांनी सगळं करायचं. नाटक सुरू व्हायच्या आधी बाई दारात बसून लोकांच्या चपला घ्यायच्या.

इइझुकाला एक खाणकामगार बायकोसह आला. मान घासून धुतली होती तरी कानांमागे काळं राहिलं होतं. बाईंकडे टक लावून बघत राहिला.

"तुम्ही अगदी त्या शिगा मित्सुएसारख्या दिसता हो."

"सारखी नाही. तीच आहे मी," बाई म्हणाल्या. "चपला द्या."

तो गडबडून वाकला. बाईंनी चपला दोन्ही हातांनी घेतल्या, तळाचा चिखल फडक्याने पुसला, फळीवर जोडीने लावल्या आणि त्याच्या हातात चपलांचा लाकडी बिल्ला ठेवला.

"पुढे जाऊन बसा," त्या म्हणाल्या. "मागे पत्र्याच्या आवाजात ऐकू येत नाही."