डाव्या स्केटची धार

एजंट लोकांवर माझा विश्वास नाही, आणि हातात खाऊचा खोका घेऊन येणाऱ्या एजंटावर तर मुळीच नाही. कीथ मॅकनल्टी डोनटचा खोका घेऊन माझ्या काउंटरसमोर उभा राहिला, तेव्हाच मी ओळखलं की पाणी कुठंतरी मुरतंय.

"काय म्हणता, मिसेस किवेला?"

"काय म्हणणार? धार लावतेय. तू एवढ्या लांब कशाला तडमडलास?"

"म्हटलं आर्वोला भेटून यावं."

"बारा वर्षं फोनवर भेटत होतास की! आताच बरी आठवण झाली."

तो हसला. हिरड्या दिसेपर्यंत हसतो मेला.

आर्वो माझा मुलगा. वय बत्तीस, बर्फावरच्या हॉकीत बचाव फळीत खेळतो. बारा वर्षांत नऊ गावं झाली त्याची. वरच्या लीगमध्ये एकूण एकशे चार सामने, बाकी सगळी उमर खालच्या लीगच्या बसमध्ये पाय दुमडून गेली. तीस जूनला त्याचा करार संपत होता. एक जुलैला दुपारी बारा वाजता बाजार उघडतो आणि करार संपलेला खेळाडू कुठल्याही संघाशी सही करायला मोकळा होतो. मोकळा म्हणजे काय, कोणी बोलावलं तर मोकळा, नाही तर बेकार. बत्तिसाव्या वर्षी सहसा कोणी बोलावत नाही. असल्या खेळाडूसाठी एजंट टपालाचं तिकीटसुद्धा चिकटवत नाही, आणि हा पठ्ठ्या दोन विमानं बदलून आला होता.

दोघं बाहेर गाडीत जाऊन बसले. ऊन मी म्हणत होतं, तरी काचा वर. मी कचऱ्याची पिशवी टाकायच्या निमित्ताने दोनदा तिथून गेले. दुसऱ्या वेळी दार उघडं होतं आणि कीथ म्हणत होता, "एक तारखेपर्यंत कोणाला कळता कामा नये. आईलासुद्धा नाही."

आता सांगा, आईला कळू नये असं काय असतं? बायको नाही, पोरं नाहीत, कसलं व्यसन नाही. मग राहिलं काय? शरीर. 

त्याच दुपारी आर्वोने स्केट्स आणून काउंटरवर टाकले. या गावच्या रिंकवर एकतीस वर्षं मी स्केटला धार लावतेय. पात्याच्या मधोमध खोबण असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन कडा, एक आतली, एक बाहेरची. माणूस ज्या पायावर भार देतो त्या पायाची कड झिजते. तोंडाने कोणी काहीही सांगो, पातं खोटं बोलत नाही. कोणाचा घोटा दुखतोय, कोण सरावाला दांडी मारतोय, सगळं मला यंत्रावर कळतं. आणि कळलेलं मी कोणाला सांगत नाही. एकाचं पातं दुसऱ्याच्या कानावर घालायचं नाही, हा आमच्या धंद्यातला नेम. म्हणून तर तीनशे मैलांवरून लोक स्केट्स पाठवतात माझ्याकडे.

आर्वोच्या उजव्या स्केटची आतली कड पार बोथट झाली होती. डावी जवळजवळ कोरी. तीन आठवडे पोरगा रोज दोन तास बर्फावर होता, आणि डाव्या पायाने जणू काही केलंच नव्हतं.

"डावा पाय बरा आहे ना रे?" मी विचारलं.

"काही नाही, आई."

"काही नाही म्हणजे? खुबा दुखतोय?"

"म्हटलं ना, काही नाही. तू प्रत्येक गोष्टीत साप शोधत बसतेस."

आणि माझ्या नजरेला नजर न देता निघून गेला. बापाच्या वळणावर गेलाय अगदी.

त्याचा बाप, माझा रेइनो, हाही हॉकीच खेळायचा. एका कराराच्या आधी गुडघा दुखत असताना संघाच्या डॉक्टरासमोर उड्या मारून दाखवल्या त्याने. करार झाला दोन वर्षांचा. गुडघा गेला कायमचा. आमची झोपायची खोली वरच्या मजल्यावर, आणि हा अकरा वर्षं खालच्या सोफ्यावर झोपला, कारण जिना चढवत नव्हता. तिथेच गेला. त्या सोफ्याकडे बघून मी आर्वोला लहानपणीच बजावलं होतं, की शरीराशी खोटं बोलून सही करायची नाही. तो तेव्हा हो म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी गिल थेरियो उगवला. गिल माझा जुना ओळखीचा, पश्चिमेकडच्या एका संघासाठी खेळाडू हेरत हिंडतो. पाठीवर गळ, डोक्यावर टोपी.

"मासे पकडायला आलोय, हिल्का."

"गळाला दोरी कुठंय?"

त्याने गळाकडे पाहिलं. "अरेच्चा! घरीच राहिली वाटतं."

"गिल, ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. कोणाला बघायला आलास?"

"कोणाला नाही बाई. एक तारखेच्या आधी दुसऱ्या संघाच्या खेळाडूशी बोललो तर केवढा दंड बसेल माझ्या मालकांना, ठाऊक आहे ना? मी मासे पकडतोय." माझ्या काउंटरवरच्या वेलदोड्याच्या पावाचा तुकडा तोंडात टाकत तो हळूच म्हणाला, "बाकी आर्वो कसा आहे? पातं काय म्हणतंय?"

"पातं काही म्हणत नाही. पातं लोखंडाचं असतं."

पण आता माझा हिशेब पक्का बसला. गिलच्या संघाला बचावपटू हवाय. आर्वोचा खुबा गेलाय. ते कीथला माहीत आहे, आणि एक तारखेपर्यंत झाकून ठेवून तो माझ्या पोराच्या गळ्यात करार बांधणार. स्वतःचं कमिशन खिशात घालून मोकळा होणार. आणि मग दहा वर्षांनी आर्वोसुद्धा खालच्या सोफ्यावर.

गिलला सांगावं, तर एकतीस वर्षांचा नेम मोडतो. शिवाय पोरगा जन्मात तोंड बघणार नाही. आर्वोला विचारावं, तर तो उत्तर देत नाही. एकोणतीस तारखेला सकाळी बर्फावर सराव होता, आणि गिल तो "सहज" बघणार होता. आदल्या संध्याकाळी आर्वोचे स्केट्स माझ्या यंत्रावर होते.

मी दोन्हींना नेहमीसारखी धार लावली. मग हातात छोटा दगड घेतला आणि डाव्या स्केटच्या आतल्या कडेवरून एकदाच ओढला. एकच हात. तेवढ्याने कड मरते, आणि डोळ्यांना काही दिसत नाही. मी म्हटलं, दुखरा पाय आणि मेलेली कड, दोन वेळा पडेल, गिल वही मिटेल, करार जाईल. जाऊ दे. खुबा तरी राहील.  देवाचं नाव घेतलं आणि केलं. कसल्या कामाला देवाचं नाव घेतलं मी!

सगळे खेळाडू स्केट्स हातात घेतले की कडेवरून नख फिरवून बघतात. आर्वो माझ्याकडच्या स्केट्सवर कधी नख फिरवत नाही. त्याने नाड्या बांधल्या आणि गेला.

गिल वरच्या रांगेत टोपी डोळ्यांवर ओढून बसला होता. कीथ खाली काचेला नाक लावून. कॉलेजची दोन पोरं आर्वोकडे खेळातली रबरी चकती मारत होती. आर्वो मागे सरकत आला, चकती घेतली, खऱ्या खेळात लागतो तसा डाव्या पायावरही भार देऊन वळायला गेला, आणि तो पाय लोण्यावरून जावा तसा सटकला. धाडकन कठड्यावर आदळला. उठला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पडला तेव्हा तो उठून गुडघ्यावर बसला. मग माझ्या काउंटरकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

गिल जिना उतरून निघूनही गेला.

कीथ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. चेहरा पांढराफटक. "तीन आठवडे," तो म्हणाला. "तीन आठवडे त्या माणसाने घाम गाळला!"

"कशाचा घाम?" मी भडकले. "मोडक्या पायाला घेऊन कसला घाम गाळायला लावतोस रे तू त्याला? लाज नाही वाटत?"

"कसला मोडका पाय?"

"खुबा! उजवी कड झिजलीय, डावी कोरी आहे. मला शिकवतोस?"

 तो एकेक शब्द तोडून बोलला, "मिसेस किवेला, तो बारा वर्षं डावीकडून खेळला. गिलच्या संघाला उजवीकडचा माणूस हवाय. म्हणून तो बाजू बदलायला शिकत होता. रोज दोनशे वेळा एकाच अंगाला वळायचं. एकाच पायाची एकच कड वापरून. पाय ठणठणीत आहे त्याचा. मीच त्याला म्हटलं, गप्प राहा, बोलणी आधी चालू होती असं बाहेर आलं तर ते नावच काढणार नाहीत."

मी तिथल्या स्टुलावर बसले.  बत्तिसाव्या वर्षी बाजू बदलायची म्हणजे काय, हे मला कोणी समजावायला नको. रोज डाव्या हाताने लिहिणाऱ्याने उजव्या हाताने सही करावी तसं ते. आणि मी पात्यावर वाचलं काय, तर खुबा!

दोन दिवस घरात आम्ही मीठ मागण्यापुरतंसुद्धा बोललो नाही. तो सॉनाच्या वाफेत जाऊन बसायचा, तळ्यात उडी मारायचा, जेवायचा, झोपायचा. सांगायचं सांगायचं म्हणत मी दोन दिवस घालवले. भित्री मी. दुसऱ्यांची पाती वाचायला पुढे, स्वतःचं झाकायला पण पुढेच.

एक जुलैला सकाळी साडेदहाला मी स्वयंपाकघरातून गिलला फोन लावला. आर्वो टेबलापाशी पॅनकेक खात होता. लपवायचं काही उरलं नव्हतं, म्हणून मी त्याच्यासमोरच बोलले.

"गिल, परवा तो पडला ना, ते माझ्यामुळे. डाव्या स्केटची कड मी दगड मारून घालवली होती. मुद्दाम. मला वाटलं त्याला दुखापत आहे. त्याची काही चूक नाही. पुन्हा बघ त्याला. आज ये, उद्या ये, पण बघ."

 पलीकडे गिल हसला. वाईट हसला नाही, दयेने हसला, आणि त्याने मला जास्त झोंबलं.

"हिल्का, एकतीस वर्षांत तुझी धार एकदा तरी चुकलीय का?"

"चुकली नाही, मी घालवली!"

"आणि नेमकी परवा? नेमकी पोराची? अगं, माझी आई असती तर तिनेही हेच सांगितलं असतं. तुझं काळीज कळतं मला. पण मालकांना काय सांगू?"

"मी शपथ घेते."

"तुझी शपथ नको. आर्वोला दे फोन. तो कधी खोटं बोलत नाही. तो हो म्हणाला तर बारा वाजताची दुसऱ्या पोराची सही मी थांबवतो. मात्र मग कारण मला सगळ्यांना सांगावं लागेल."

मी फोन आर्वोच्या हातात कोंबला. "सांग त्याला. सांग, आईने केलं म्हणून. काय होईल ते होऊ दे माझं."

त्याने तोंडातला घास संपवला. फोन कानाला लावला. माझ्याकडे पाहिलं.

"नाही, गिल," तो म्हणाला. "आईची धार बरोबर होती. मीच पडलो."

आणि फोन ठेवून दिला.

मी त्याच्या अंगावर धावले. "अरे गाढवा! खोटं का बोललास? जागा होती तुझी! शेवटची जागा!"

"हळू. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत! तुला माहीत होतं ना?"

"पहिल्यांदा पडलो तेव्हाच कळलं. का केलंस ते मात्र कळत नव्हतं." त्याने काटा ताटात ठेवला. "गिलने कारण सांगितलं असतं ना, तर पुढच्या हिवाळ्यात एक माणूस तुझ्याकडे स्केट्स घेऊन आला नसता. माझे राहिले एक-दोन हंगाम. तुला इथेच राहायचंय."

"माझी काळजी तू करू नकोस! मला वाटलं तू बापासारखा... मला वाटलं, खुबा लपवतोयस."

"विचारायचंस."

"विचारलं होतं की!"

"हो," आर्वो म्हणाला. "आणि मी म्हटलं, काही नाही. ते खरं होतं, आई."

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. त्याला पोटाशी धरावंसं वाटलं. यातलं काहीच केलं नाही मी, नुसती ओट्याला धरून उभी राहिले.

बारा वाजता टीव्हीवर सह्यांची नावं यायला लागली. पहिल्या अर्ध्या तासात कोट्यवधीवाले, मग हळूहळू आमच्यासारखे. एक वाजून दहा मिनिटांनी गिलच्या संघाचं नाव आलं, पुढे उजवीकडचा बचावपटू, एक वर्ष, आणि कुठल्यातरी पोराचा फोटो. चोवीस वर्षांचा. चांगला दिसत होता. आर्वोने तो फोटो जाईपर्यंत पाहिला, मग ताट उचलून सिंकमध्ये ठेवलं आणि धुवायला लागला.