अण्णांच्या गाडीचा निळा धूर

दिवसभर लोकांची थुंकी आणि लघवी तपासणाऱ्या बाईला कशाची म्हणून किळस येणार? अक्काला येत नसे. लॅबमधल्या नव्या मुली नाकाला रुमाल लावायच्या आणि ही हात धुऊन निवांत जेवायला बसायची. पण त्या रविवारी सकाळी अंगणात गाडीचं बॉनेट उघडलं आणि तिला अशी शिसारी आली की विचारू नका. ती काळ्या तेलाची होती की सख्ख्या भावांची, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. मला विचाराल तर भावांचीच.

गाडी वडिलांची, म्हणजे अण्णांची. जुनी डिझेल, टर्बोवाली, वयाच्या मानाने धडधाकट. अण्णा गेल्यावर ती कोणाची यावरून दादा आणि बाळ्याचं जे वाजलं ते वाजलंच. दोघेही पन्नाशीला टेकलेले. दादाचं नळाच्या सामानाचं दुकान, बाळ्या झेरॉक्स मशिनं दुरुस्त करतो, तेव्हा दोघांनाही अक्कल नाही असं म्हणायची सोय नाही. शेवटी आईने तोडगा काढला. एक आठवडा गाडी ह्याच्याकडे, एक आठवडा त्याच्याकडे, आणि ज्याचा आठवडा त्याने आईला डायलिसिसला न्यायचं. आई राहायची अक्काकडे. शनिवारी एक भाऊ चावी अक्काच्या हातात ठेवायचा, दुसरा तिच्याकडून घेऊन जायचा, कारण हे दोन दिवटे एकमेकांशी चकार शब्द बोलत नव्हते.

मग गाडी धूर ओकायला लागली. निळसर, दाट, जळक्या तेलाच्या वासाचा. हॉस्पिटलच्या दारात एका बाईने घाईघाईने तान्ह्या बाळाच्या तोंडावर दुपटं ओढलं. आईने ते पाहिलं आणि घरी येऊन जाहीर केलं, "धूर बंद होईपर्यंत मी जाणार नाही. माझ्या एका जिवासाठी दहा जणांना कशाला त्रास?"

"टॅक्सीने जाऊ," अक्का म्हणाली.

"दोन मुलगे असताना भाड्याच्या गाडीतून मी जायची नाही."

आईने एकदा नाही म्हटलं की संपलं. गुरुवारची फेरी बुडाली. रक्त स्वच्छ झालं नाही की माणसाचं काय होतं, ते अक्काला रोज रिपोर्टांच्या आकड्यांत दिसायचं. आईचे पाय सुजले होते, बोटाने दाबलं की खळगा तसाच राहायचा. सोमवारी तिने जायलाच हवं होतं. सोमवारही चुकला तर पुढे काय, हा विचार अक्का मनाच्या उंबऱ्याबाहेरच ठेवत होती.

दादाचा मेकॅनिक म्हणाला टर्बो गेला, म्हणून बाळ्याच्या मते टर्बो ठणठणीत होता. बाळ्याच्या मेकॅनिकने इंजेक्टरवर बोट ठेवलं, तर दादा नुसताच हसला. गाडी कोणाच्याच गॅरेजात जाईना. शेवटी अक्काने दोघांना वेगवेगळे फोन करून एकाच वेळी बोलावलं, फाटकाला आतून कुलूप घातलं आणि सांगितलं, "धूर थांबल्याशिवाय कोणी बाहेर जायचं नाही."

दोघे बॉनेटच्या दोन बाजूंना उभे राहिले. मधे हातभर अंतर.

"अक्का, त्याला सांग, दहाचा पाना दे," दादा म्हणाला.

"अक्का, त्याला म्हणावं, पाना त्याच्याच पायाशी पडलाय," बाळ्या म्हणाला.

अक्काने वाकून पाना उचलला आणि स्वतःच कामाला लागली. टर्बोकडून इंजिनात हवा नेणारा जाड रबरी पाइप होता. त्याची क्लिप सैल करून तिने तो ओढला, तशी आतून काळी, चिकट, शेंबडासारखी घाण भळकन बाहेर आली. हातावर आली, चपलेवर आली, पायाच्या बोटांमध्ये गेली. कोमट होती, ते जास्तच वाईट. बाळ्याने त्यात बोट बुडवलं, वास घेतला आणि बोट पँटला पुसलं. दादाने घसा खाकरून कुंडीत थुंकून घेतलं. ह्यांना मी लहानपणी न्हाऊ-माखू घातलंय, तिच्या मनात आलं, आणि ते सगळं पाणी वाया गेलं.

"हवेच्या पाइपात एवढं तेल आलं कुठून?" तिने विचारलं.

दोघांनी दोन दिशांना पाहिलं. तिने फडक्याने हात पुसून इंजिनातलं तेल बघायची कांडी बाहेर काढली. कांडीवर दोन खुणा असतात, तेल त्यांच्या मधे असावं. इथे तेल वरच्या खुणेला ओलांडून कुठच्या कुठे गेलं होतं.

"एवढं तेल कोणी ओतलं?"

"मी घालतो," दादा छाती काढून म्हणाला. "दर वेळी चावी देण्याआधी मगभर. अण्णांची पद्धतच होती ती. गाडी दुसऱ्याच्या हातात उपाशी द्यायची नाही."

बाळ्याने बोट परत एकदा पँटला पुसलं. "मीही घालतो," तो म्हणाला. "मगभर. नाही, थोडं जास्तच. हा चिक्कू घालत नसणार, म्हणून त्याच्या वाटणीचंही."

आता अण्णांचं सांगायचं तर ते होते तेव्हा इंजिन गळत होतं, म्हणून ते मगभर ओतायचे आणि कांडीला कधी हात लावायचे नाहीत. जायच्या आधी काही महिने त्यांनीच ती गळती बंद करून घेतली होती. पण लेकांनी बापाचा वारसा म्हणून नेमका तो मग उचलला. तेल चढत गेलं, इंजिन ते घुसळून घुसळून हवेच्या वाटेत ढकलू लागलं आणि तिथून ते जळून धूर होऊन बाहेर पडू लागलं. कांडी बघायची तसदी एकानेही घेतली नाही. समोरचा काही करतच नाही, याची दोघांनाही पक्की खात्री होती ना.

"तुला कोणी सांगितलं होतं ओतायला?" दादा थेट बाळ्याला म्हणाला. कित्येक महिन्यांनी त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

"तुझा भरवसा कोणाला होता?" बाळ्याचं दुसरं.

अक्काने त्यांना भांडू दिलं. गाडीखाली घमेलं सरकवून तिने जादा तेल काढलं, पाइप सगळे सोडवले, डिझेलने खळखळून धुतले, फडक्यांवर फडकी काळी केली. केसांत तेल, नखांत तेल, जिभेवरही तीच चव. पाइप परत बसवून तिने गाडी सुरू केली. आधी भसाभस धूर आला, मग विरळ झाला, मग नुसती हवा. तिने पांढरा रुमाल मागे धरून पाहिला, तो पांढराच राहिला. तिला रडूच आलं. तशाच हातांनी ती आत धावली.

आई खिडकीशी खुर्चीत बसली होती.

"आई, धूर बंद झाला. उद्या जायचं."

आईने खिडकीबाहेर गाडीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "अगदीच बंद झाला?"

"अगदी."

"मग आता मी काय सांगू गं?"

अक्काला कळेना.

"एक आठवडा हा त्याच्या नावाने बोटं मोडतो, दुसरा आठवडा तो ह्याच्या," आई म्हणाली. "जाताना तेच, येताना तेच. मी मागे बसून ऐकते. त्या सुया टोचतात ते सोसतं मला, हे नाही सोसत. ह्यांच्या बाळंतपणातच मी मेले असते तर बरं, असं वाटतं. धूर आला तेव्हा म्हटलं, चला, सुटले."

बाहेर दोघांचे आवाज चढत होते. कोणाचा मग मोठा होता यावर आता आले होते.

"मी नेते तुला," अक्का म्हणाली.

"तुझी लॅब असते."

"लॅब गेली खड्ड्यात. येशील ना?"

आईने तिच्या काळ्या हाताकडे पाहिलं आणि तो हातात घेतला. "तू नेणार असशील तर येते," ती म्हणाली.

अक्का बाहेर आली. गाडीची चावी काढून तिने मुठीत धरली आणि फाटकाचं कुलूप उघडलं.

"निघा दोघेही. उद्यापासून आईला मी नेणार," ती म्हणाली. "गाडीच्या धुरामुळे नाही थांबली ती. तिला किळस आलीय."

बाळ्याने मान खाली घातली. दादाने तिथल्याच तेलकट फडक्याने घाम पुसला, त्याचा काळा पट्टा कपाळावर ओढला गेला.

"कोणाची?" त्याने विचारलं. "माझी की ह्याची?"