कोयता पाहिलेला न्यायाधीश

सिद्धेशच्या नारळाने त्या दिवशी दुपारपर्यंत एकतीस नारळ फोडले आणि स्वतःवर चरासुद्धा पडू दिला नाही. घाटकोपरच्या आमच्या टेकडीवर नारळी पौर्णिमेला नारळ लढवतात. एकाने मुठीत धरायचा, दुसऱ्याने त्यावर आपला हाणायचा. फुटला तो हरला. सिद्धेशचा नारळ त्याच्या आईने, म्हणजे माझ्या चुलत बहिणीने, कोकणातल्या आचऱ्याहून आणलेला; तिला सगळी टेकडी शेवंतीकाकू म्हणते. नारळ कसला, तोफेचा गोळा.

बत्तिसावा फुटला तो निलेशचा. करवंटी त्याच्याच तोंडावर उडाली आणि लोक हसले. निलेश मंडळाचा चिटणीस, त्याला स्वतःचं हसं करून घ्यायची सवय नव्हती. त्याने शहाळी सोलायचा कोयता उचलला. पहिल्या घावात मंडपाचा दोर गेला, दुसऱ्यात स्पीकरची वायर, तिसऱ्यात सिद्धेशच्या डाव्या हाताची दोन बोटं. ती उडून सरबताच्या पिंपात पडली. रांगेतले शेवटचे चौघे तरी ग्लास भरून घेऊनच गेले.

मग सिद्धेशने उजव्या हातातला नारळ निलेशच्या कपाळावर हाणला. कवटी तडकल्याचा आवाज कुर्ल्यापर्यंत गेला. नारळ शाबूत राहिला. मी तेव्हा स्टेजखाली होतो, त्यामुळे मला नुसते पाय आणि रक्त दिसलं.

निलेश वाचला, पण एक डोळा गेला. त्याच्या पोरांनी कोयता नाल्यात फेकला आणि चाळीस जणांनी जबाब दिला, कोयता नव्हताच. बोटं म्हणे करवंटीने तुटली. सिद्धेशवर सात वर्षांच्या कैदेची टांगती तलवार.

तारखेला न्यायाधीश नंदकुमार परब खुर्चीत बसले, तसा सिद्धेश आपल्या वकिलीणबाईंना, रेवतीला म्हणाला, "मॅडम, हे तर त्या दिवशी पहिल्या रांगेत होते. हाफ शर्टात."

शेवंतीकाकूने हात जोडले. "सायबांनी सोताच्या डोळ्यांनी बघल्यानी. आता माझो झील सुटलो."

परबांनी कागद दोनदा वाचले, चष्मा काढला. "हा खटला मी चालवणार नाही. दुसऱ्या कोर्टाकडे वर्ग व्हावा म्हणून आजच कळवतो."

"सायबानू, तुमी बघलात मां?"

"म्हणूनच, आई."

बाहेर निलेशचा भाऊ मुकुल हसत आला. "बघणाराच पळाला गं म्हातारे. आता झील विसर." काकू त्याच्या अंगावर गेली, तर त्याने तिच्या थोबाडीत ठेवून दिली. ओठ फाटला. बेडीतल्या सिद्धेशने झेप घेऊन मुकुलचा कान दातांत धरला; तीन हवालदारांनी ओढला तेव्हा सिद्धेश सुटला, कानाची पाळी नाही सुटली.

नव्या कोर्टात न्यायाधीश सुनंदाबाई. रेवतीने साक्षीदार पुकारला, आणि आत आले परब. अंगात तोच हाफ शर्ट. दोर, वायर, बोटं, सगळे घाव त्यांनी ओळीने सांगितले, आणि पोरांनी कोयता नाल्यात फेकला तेही.

सरकारी वकील उठले. "एवढं पाहिलंत, मग गप्प का बसलात?"

"चूक झाली. चारशे लोक होते, कोणीतरी सांगेल असं वाटलं. आरोपपत्रात कोयताच नाही हे मला खुर्चीत बसल्यावर कळलं."

"आरोपी तुमचा गाववाला. माया असणारच."

"माया? चौथ्या फेरीत ह्याने माझा नारळ फोडला. वडिलांनी लावलेल्या झाडाचा. वर दात काढून हसला."

"म्हणजे राग होता?"

"आहे. खुर्चीत बसल्याबरोबर आधी तो नारळ आठवला, मग कोयता. अशा माणसाने निकाल द्यायचा नसतो. जे पाहिलं ते सांगायला मात्र त्याला मोकळीक आहे."

सुनंदाबाईंनी नालाच उपसायला लावला. गाळातून कोयता निघाला, मुठीवर मंडळाचं नाव कोरलेलं. नाव कोरायची हौस निलेशचीच. सिद्धेशने जीव वाचवायलाच हाणला हे ठरलं, आणि तो सुटला.

पुढच्या पौर्णिमेला मंडळ परबांकडे गेलं. साहेब, पंच व्हा.

"जमणार नाही," परब म्हणाले आणि पिशवीतून नारळ काढला. "मला खेळायचंय."

सिद्धेशने तीन बोटांच्या हातात आपला तोफेचा गोळा धरला. परबांनी असा हाणला की माझ्या कवळीला तडा गेला.

कोणाचा फुटला ते मी सांगणार नाही. हरलेला माझा भाचा लागतो.