वाढलेला आकडा

"वाढलाय म्हणजे किती वाढलाय?" ताइस्तोने विचारलं.

"गेल्या खेपेच्या दुप्पट," डॉक्टर पिर्यो म्हणाल्या. "पण एका आकड्यावरून..."

"आकडा कशाचा, ते नीट सांगा. जन्मभर पोरांना सुतारकाम शिकवलंय. कळेल मला."

पिर्योंनी खुर्ची जवळ ओढली. शरीराला कुठे नव्या रक्तवाहिन्या हव्या असल्या, की ते रक्तात एक द्रव्य सोडतं. त्याला वाढ-घटक म्हणतात. लिम्फोमाची, म्हणजे ताइस्तोला झालेल्या कर्करोगाची, गाठही तेच द्रव्य सोडून आपल्याकडे रक्त ओढते. म्हणून त्याचा आकडा चढला की आजार उलटण्याची भीती जास्त, असं त्यांच्या अभ्यासात दिसत होतं.

"आकडा चढलेल्या दहांतल्या सहांचा आजार उलटतो," त्या म्हणाल्या.

"मग मी सहांतला की चारांतला?"

"ते आकडा सांगत नाही."

"मग रक्त घेता कशाला, डोंबलाचं?"

त्याची मुलगी हेन्ना खिडकीपाशी उभी होती. ओउलूच्या या इस्पितळापर्यंतच्या सगळ्या रस्त्यात दोघं एक अक्षर बोलली नव्हती.

"रक्त दिलंत तेव्हा ताप, जखम असं काही होतं?" पिर्योंनी विचारलं. "जखम भरतानाही हे द्रव्य वाढतं. नर्सला तुम्ही 'काही नाही' म्हणालात."

"नव्हतंच काही."

हेन्ना गर्रकन वळली. "बाबा! आणि पायावर कुऱ्हाड बसली ती?"

"ओरखडा होता तो."

"ओरखड्याला टाके घालतात?"

"दुखत नव्हतं. न दुखणारं कशाला सांगत बसायचं?"

"तुझं कधी काही दुखतच नाही! आई गेली तेव्हाही तुला काही झालं नव्हतं. इथून फोन आल्यापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही, कळतंय का तुला?"

ताइस्तोने बूट आणि मोजा काढला. घोट्याच्या वरची जखम एका टोकाला अजून ओली होती.

पिर्योंनी कपाळ चोळलं. "मग हा आकडा फुकट. यात गाठीचं किती आणि पायाचं किती, कोण सांगणार? जखम भरू द्या. मग पुन्हा रक्त, आणि स्कॅन."

"म्हणजे पायाचंच असेल?"

"असेल. नसेलही."

"आणि तोवर?"

"तोवर थांबायचं."

त्या बाहेर गेल्या. ताइस्तो वाकून मोजा चढवू लागला. दोनदा कड बोटांतून निसटली. हेन्ना मोजा चढवायला खाली बसली, तसा त्याने सवयीने पाय मागे घेतला.



"बोटांना काही कळत नाही माझ्या," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "औषधं सुरू झाली तेव्हापासून."

आणि त्याने पाय पुढे केला.